बोफिशिंग: धनुष्यबाणाने मासे मारायचा पहिला प्रयत्न (खानापूर, बेळगाव)

उद्यमबागी (धागाकर्ता)

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी शेवटपर्यंत वाचून मग शिव्या घालायला नको. आपल्या भागात हा खेळ जमतो, पण नदीत नाही, धरणात नाही आणि पावसाळ्यात तर अजिबात नाही. स्वच्छ पाणी, उथळ कड, स्वतःची किंवा मालकाला विचारलेली जागा, आणि मारला तर खायचाच असा मासा. एवढं जुळलं की मग धनुष्य. लोक उलटं करतात. आधी ऑनलाइन धनुष्य मागवतात, मग पाणी शोधत हिंडतात.

आमची जागा म्हणजे मेव्हण्याच्या शेतातली जुनी चिऱ्याची खाण. खानापूर-जांबोटी बाजूला, अभयारण्याच्या हद्दीबाहेर. चिरे काढून झाल्यावर पावसाचं पाणी साठलं, कधीतरी त्याने सायप्रिनसचं (कॉमन कार्पचं) बोटुकलं सोडलं, चिलापी (तिलापिया) कुठून आली ते चिलापीलाच माहीत. जांभ्यातलं पाणी दिवाळीनंतर निवळतं आणि जानेवारीत तर दोन हात खोल तळ दिसतो. चिरे काढलेल्या पायऱ्या असल्यामुळे पाण्यापासून वेगवेगळ्या उंचीवर उभं राहता येतं. हे किती महत्त्वाचं आहे ते नंतर कळलं. गोकाक-सौंदत्तीकडच्या काळ्या रानातल्या तळ्यांवर हे करायला जाऊ नका, तिथे मासा दिसणारच नाही. आणि दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही, हा पहिला नियम.

धनुष्य साधं रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेलं), ओढायला ३५ पौंडांचं. नेमबाजीचं कंपाउंड (टोकांना चाकं असलेलं) नको. ते पूर्ण ओढल्यावर हाताला हलकं होतं, म्हणून पूर्ण ओढूनच सोडावं लागतं, आणि मासा तेवढा वेळ देत नाही. ह्या खेळासाठी वेगळी कंपाउंड बनतात, पण पहिल्यांदाच तेवढा खर्च कशाला? नेम धरायची साइट वगैरे काही लावायचं नाही. डोळा माशावर, हात आपोआप.

खरा फरक बाणात आहे. टार्गेटचा कार्बनचा बाण पोकळ, २०-२५ ग्रॅमचा, मागे पिसं. हा बाण भरीव फायबरग्लासचा, ८ मिलिमीटर जाड, ३२ इंच लांब, टोकासकट ८५-९० ग्रॅम. पिसं नाहीत, कारण पाण्यात शिरल्यावर तीच बाणाला भलतीकडे वळवतात. हलका बाण पाण्याला टेकला की त्याचा जोर तिथेच संपतो. लाकडाचा तर तरंगूनच वर येतो. टोक ओळखीच्या टर्नरकडून (लेथवाल्याकडून) करून घेतलं: एसएसचं (स्टेनलेस स्टीलचं), मागे दोन काटे. माशात शिरताना काटे दबतात, ओढताना उघडतात. टोक थोडं सैल करून फिरवलं की काटे पुढच्या बाजूला पडतात आणि बाण माशातून सरळ मागे निघतो. ही शेवटची सोय नसेल तर मासा फाडून बाण काढावा लागतो, मग खायला राहतं काय?

दोरी वेणीची, २०० पौंडांची. मासा एवढा जड नसतो. पण तळाच्या जांभ्यात रुतलेला बाण ओढायचा तर जाड दोरी पाहिजे, बारीक असली तर बोटं कापते. रीळ म्हणून पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्याला मागून बोल्ट. बऱ्याच रिकर्व्हला पुढे स्टॅबिलायझरचं (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या दांडीचं) भोक असतं, त्याचा आटा पाच-सोळांश इंच, चोवीस टीपीआय (इंचाला चोवीस वेढे). हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'पाच-सोळांश' म्हटलंत तर अठराचा देतील, तो बसणार नाही. यूएनएफ (बारीक आट्याचा) म्हणून सांगा.

आता जीवाची गोष्ट. दोरी बाणाच्या शेपटीला थेट बांधायची नाही. बाणावर एक छोटी सरकती कडी असते, मागे तिला अडवणारा आडोसा. दोरी त्या कडीला. धनुष्य ओढलं की कडी बाणावरून पुढे सरकते आणि दोरी नेहमी धनुष्याच्या पुढच्या बाजूलाच राहते. शेपटीला बांधलेली दोरी ओढताना प्रत्यंचेजवळ येते, तिचा वेढा प्रत्यंचेत अडकला तर सुटलेला बाण दोरीच्या टोकाला जाऊन उलटा मारणाऱ्याच्या तोंडावर येतो. अमेरिकेत माणसं अशी जखमी झालीत, मेलीही आहेत. ही कडी बसवेपर्यंत मेव्हण्याला मी धनुष्याला हात लावू दिला नाही, त्यावरून घरात थोडं वाजलंही.

नेम. पाण्यातली काठी वाकडी दिसते हे चौथीत शिकलेलं असतं, पण हाताला ते माहीत नसतं. सुरुवातीचे बाण सगळ्यांचेच माशाच्या वरून जातात. मासा दिसतो त्यापेक्षा खाली असतो, म्हणून खाली मारायचं. किती खाली? वाटतं त्याच्या दुप्पट. आम्ही आधी माशांना हातच लावला नाही. नारळाला दगड बांधून तो पाण्याखाली सोडला आणि वेगवेगळ्या पायरीवरून त्याला मारत बसलो. हाताला जे शिकायचं ते नारळावर शिकलं. वरच्या पायरीवरून, जवळजवळ नाकासमोर खाली मारलं की लगेच लागतो. खालच्या पायरीवरून, पाण्याला लागून तिरकं मारलं की काही केल्या लागत नाही. शिवाय फार तिरका बाण पाण्यावरून उसळी घेतो, म्हणजे समोरच्या कडेला कुणी उभं असेल तर संपलं. समोर माणूस किंवा गुरं असतील तर धनुष्य खाली.

पहिला मासा चिलापी, तळव्यापेक्षा थोडा मोठा. कडेच्या उथळ पाण्यात नर चिलापी तळाला गोल खळगा करून त्याची राखण करतो. तुम्ही हललात तर पळतो आणि परत तिथेच येतो. नवशिक्यासाठी यापेक्षा सोपं काही नाही. सायप्रिनस मात्र हुशार. खाताना तळ ढवळतो, गढूळ धूर उठतो, धुराच्या पुढच्या टोकाला त्याचं तोंड असणार असं धरून मारावं लागतं. तो अजून लागलेला नाही.

पोलराइज्ड चष्मा घ्या. त्याच्याशिवाय पाण्यावर आभाळच दिसतं. सकाळी उशिरा, ऊन वर आल्यावर जा. गळवाल्यांसारखं पहाटे जाऊन उपयोग नाही, पाण्यात उजेड शिरत नाही.

विचारा काय विचारायचं ते.

सीमावासी

वाखुसा (वाचनखूण साठवली). सीमाप्रश्न सुटायच्या आधी सायप्रिनस लागला तर इथे कळवा.

एक शंका. अर्जुनाने खाली तेलात की पाण्यात बघून वरचा मासा फोडला. मग त्यालाही दुप्पट खाली मारावं लागलं असेल का? मास्तर, या की वो.

मास्तर_खानापूर

बोलावलंच आहे तर दोन तास घेतो. हलके घ्या.

अर्जुनाला काहीच दुरुस्ती लागली नसती. तो परावर्तन बघत होता. त्याला दिसला तो उजेड पाण्यात शिरलाच नाही, वरूनच माघारी आला, त्यामुळे अपवर्तनाचा (पाण्यात किरण वाकण्याचा) संबंध नाही. (अवांतर: भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत द्रौपदीच्या स्वयंवरात मासाही नाही आणि पाणीही नाही. वर टांगलेलं यंत्र आहे आणि त्याच्या छिद्रातून पाच बाणांनी लक्ष्य पाडायचं आहे. मासा मागाहून लोकांनी आणला. चांगला आणला.)

आता उद्यमबागी यांच्या खाणीवर येऊ. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. अगदी वरून सरळ खाली पाहिलं तर ३० सेंटिमीटर खोल मासा साडेबावीस सेंटिमीटरवर भासतो. पण बाणही सरळ खालीच जाणार, म्हणून नेमात चूक शून्य. वरच्या पायरीवरून नारळ लागतो तो म्हणून.

आता डोळा पाण्यापासून दीड मीटर उंच धरा, मासा आडवा मोजून ३ मीटर लांब आणि ३० सेंटिमीटर खोल. माशाकडून निघालेला किरण डोळ्यापासून सुमारे २.७४ मीटरवर पाण्याबाहेर पडतो आणि तिथून वाकून डोळ्यात येतो. तुम्ही त्या वाकलेल्या रेषेत बाण सोडला आणि बाण सरळ गेला असं धरलं, तर माशाच्या जागी पोचेपर्यंत तो फक्त १४-१५ सेंटिमीटर खोल गेलेला असेल. म्हणजे माशाच्या वरून १५-१६ सेंटिमीटर. तळव्याएवढ्या चिलापीसाठी ते फार झालं.

अमेरिकन लोकांचा एक ठोकताळा आहे: दहा फुटांवर एक फूट खोल मासा असेल तर चार इंच खाली मारा, अंतर किंवा खोली दुप्पट झाली तर आठ इंच. माझ्या गणितात उत्तर पाच इंचाच्या वर येतं. त्यांचा नियम बोटीच्या उंच फळीवर उभं राहून मारणाऱ्यांना बरोबर पडत असेल, कडेला उभा राहिलेल्या माणसाला कंजूष आहे. 'वाटतं त्याच्या दुप्पट' हे वाक्य माझ्या दहावीच्या पोरांना सांगणार आहे, नावासकट.

निपाणीकर

भारी लिहिलंय. आमच्याकडे शेततळं आहे, अस्तर घातलेलं. पाणी काचेसारखं. चिलापी भरपूर. तिथे चालेल ना?

उद्यमबागी (धागाकर्ता)

निपाणीकर, अजिबात नको! चुकलेला प्रत्येक बाण अस्तराला भोक पाडणार. ८५ ग्रॅमचा बाण, एसएसचं टोक. पाचशे मायक्रॉनचं प्लास्टिक त्याला काय अडवणार? वर काटे असल्यामुळे बाण ओढताना भोकाची चीर होईल. तळं रिकामं करून वेल्डिंगवाल्याला बोलवावं लागेल, त्यापेक्षा बाजारातून चिलापी आणलेली स्वस्त. अस्तराच्या तळ्यात जाळं टाका आणि मोकळे व्हा.

मास्तर, दंडवत. पोरांना सांगाल तेव्हा खरं नाव नको, मेव्हण्याचं सांगा.

कृष्णाकाठ

तुमचा धागा वाचून आमच्या गावातली पोरं धनुष्य घेऊन घाटावर येतील, म्हणून थोडं कडक लिहितो.

नदीत हे करू नका असं तुम्ही एका ओळीत म्हटलंय, त्याचं कारण नीट सांगायला पाहिजे. कुडची, अंकली, यडूर, उगार ह्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. २०१९ च्या पुरात रायबाग तालुक्यात घराच्या छपरावर मगर बसलेली अख्ख्या देशाने बघितली. गढूळ पाण्यात काहीतरी हललं म्हणून बाण सोडला आणि मगरीला नाहीतर कासवाला लागला, तर ते मासेमारीचं प्रकरण राहत नाही. मगर आणि आपल्याकडची मऊ पाठीची कासवं दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. जामिनासाठी फिरावं लागेल. आणि जखमी मगर दुसऱ्या दिवशी त्याच घाटावर असते जिथे बायका धुणं धुतात, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

दुसरं, पाणी कुणाचं? धरणातली, मोठ्या तलावातली मासेमारी ठेक्याने किंवा सोसायटीला दिलेली असते. हिडकलला जाऊन तुम्ही एक मासा मारला तरी तो त्या सोसायटीच्या माणसाचा मासा. त्याने बीज सोडलंय, पैसे भरलेत. गावतळ्याचंही तेच, पंचायतीचा लिलाव असतो. धुपदाळला घटप्रभा पक्षी अभयारण्य, खानापूरच्या जंगलात भीमगड. तिथे तर गळसुद्धा नाही.

हे सगळं सांगायचं कारण, आमच्याकडे आधीच सुरुंग लावून आणि पाण्यात विष टाकून मासे मारणारे लोक आहेत. १८९७ च्या कायद्यापासून दोन्हीला बंदी आहे, तरी चालू आहे. त्यात आता धनुष्यवाले नकोत. तुमची खाण तुमची आहे, तिथे काय करायचं ते करा.

उद्यमबागी (धागाकर्ता)

कृष्णाकाठ अण्णा, शब्दन् शब्द मान्य. कुणी नुसता वरचा धागा वाचून जाऊ नये, तुमचा प्रतिसाद वाचूनच जावं.

परदेशी_बेळगावकर

टिळकवाडीत वाढलो, आता अमेरिकेत मिडवेस्टमध्ये. इथे हा खेळ भरपूर चालतो, रात्री बोटीला मोठे दिवे लावून. मी दोन-तीनदा सोबत गेलोय, बाण मारला नाही.

इलिनॉय नदीत चंदेरा मासा (आपला तोच, सिल्व्हर कार्प) इतका माजलाय की बोटीच्या आवाजाने हवेत उड्या मारतो आणि लोक त्याला हवेतच बाण मारतात. तिथे तो परका, १९७० च्या दशकात तळी स्वच्छ ठेवायला आणलेला, पुरात नदीत निसटला. त्याला मारण्यात कुणाला वाईट वाटत नाही, मलाही नाही. गंमत म्हणजे आपल्याकडेही तो परकाच. १९५९ मध्ये जपानहून आला. सायप्रिनस १९३९ मध्ये निलगिरीत, चिलापी १९५२ मध्ये. उद्यमबागींच्या खाणीत जे दोन मासे आहेत ते दोन्ही पाहुणे.

पण इथली दुसरी बाजूही सांगतो. 'रफ फिश' म्हणून एक खातं आहे, म्हणजे ज्याला कुणी विचारत नाही असे मासे, कितीही मारा. त्यात बिगमाउथ बफेलो नावाचा इथला मूळचा मासा होता. लोक रात्रभर मारायचे आणि सकाळी ढीग फेकून द्यायचे. २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या कानातल्या हाडावरची वर्तुळं मोजली तर एक मासा ११२ वर्षांचा निघाला. कितीतरी तळ्यांत ऐंशी-नव्वद वर्षांचे म्हातारेच उरलेले, पोरं जगतच नव्हती. एवढ्या वयाचा मासा एका बाणात कुजायला टाकला. म्हणून 'मारला तर खायचाच' ही अट तुम्ही वर घातलीत ते बरं केलंत. गळाचा मासा सोडता येतो. बाणाचा येत नाही.

तिरफळ

मला मासे मारण्यात रस नाही, खाण्यात आहे. माहेर चंदगड, सासर बेळगाव, दोन्हीकडे मासे लागतातच.

उद्यमबागी भाऊ, एक विचारते. खाणीत मरळ आहे का? असली तर पावसाळ्यात तिच्या वाटेला जाऊ नका. तांबड्या पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरताना दिसतो, आणि खाली आई-बाप राखण करत असतात. धनुष्यवाल्याला तो घोळका म्हणजे आयतं निशाण, कारण मरळ तिथून हलत नाही. एक मारली की अख्खी वीण गेली, बाकीचे मासे पिल्लं खाऊन टाकतात. आमच्याकडे जुनी माणसं घोळक्यावरची मरळ मारत नव्हती. आता मारतात.

हाच विषय चढणीच्या माशांचा. पहिल्या पावसात ओढ्यातून भातशेतात मासे चढतात आणि आमचं अख्खं गाव बत्ती, कोयता, काठी घेऊन रात्री बाहेर. लहानपणी मीही गेलेय, मजा यायची ती यायचीच. पण पोटात गाबोळी भरलेली असते प्रत्येकीच्या. आता चढण पूर्वीसारखी येत नाही म्हणून हेच लोक रडतात. धनुष्याचं नवं फॅड चढणीला घेऊन येऊ नका एवढंच.

चिलापीचं काय केलंत ते लिहिलं नाही. चिखलाचा वास आला असेल तर मीठ-हळद लावून, आमसुलाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा. काळी पातळ साल पोटातून खरवडून काढा, वास तिथेही असतो. मग तिरफळ घालून कालवण. बाणाच्या भोकाभोवतीचं मांस काळं पडतं, ते आधी कापून टाका.

सीमावासी

तिरफळ ताईंनी रेसिपी दिली, आता हा धागा पाककृती विभागात हलवा. +१

बाकी उंच पायरीवर कोण होतं आणि खालच्या पायरीवर कोण? न लागलेल्या बाणांची दोरी कोण गुंडाळत होतं ते सांगा.

शाकाहारी_वाघ

कुणीच बोलत नाही म्हणून बोलतो. गळात निदान मासा स्वतः आमिषाला येतो. इथे राखण करत बसलेल्या नराला वरून बाण. ह्याला खेळ म्हणायचं? मजेसाठी जीव घ्यायचा आणि मग 'खाल्ला' म्हणून पवित्र व्हायचं?

उद्यमबागी (धागाकर्ता)

वाघसाहेब, पवित्र होत नाही. मासे मी खातो. बाजारातून आणलेला मासा कुणीतरी जाळ्यात गुदमरवून मारलेला असतो, तो मला दिसत नाही एवढंच. इथे दिसतो. बाण मधोमध लागला तर लगेच संपतो, शेपटीकडे लागला तर नाही, आणि तेव्हा पटकन बाहेर घेऊन डोक्यात दांडका घालावा लागतो. ते मला आवडलं नाही, मेव्हण्याने केलं. तुम्हाला हे पटणार नाही आणि पटावं असा माझा आग्रहही नाही.

राखण करणाऱ्या नराबद्दल मात्र तुमचं आणि तिरफळ ताईंचं एकत्र वाचून विचार केला. चिलापीत अंडी-पिल्लं मादीच्या तोंडात असतात, नर फक्त खळगा राखतो. म्हणून नर मारल्याने पिल्लं मरत नाहीत. शिवाय त्या खाणीत चिलापी इतकी झालीय की सगळी तळव्याएवढीच राहिलीत, मोठी होतच नाहीत. थोड्या कमी झाल्या तर उरलेल्यांनाच खायला मिळेल. मरळीचं तसं नाही. मरळ खाणीत आहे, मेव्हण्याला सांगून ठेवलंय.

तिरफळ ताई, तळली. काळी साल काढायची माहीत नव्हती, वास होता. पुढच्या वेळी कालवण.

सीमावासी, दोरी मेव्हणाच गुंडाळत होता.

मास्तर_खानापूर

शाकाहारी_वाघ यांच्या मुद्द्याला एक जोड. धनुष्याने मासे मारणं हा काही अमेरिकन शोध नाही. अंदमानचे जारवा उथळ खाडीत धनुष्यबाणाने मासे मारतात, आणि त्यांना १.३३ कुणी शिकवलेलं नाही. त्यांचं ते पोट आहे, आपलं नाही. फरक तिथे आहे असं मला वाटतं, बाण की गळ ह्यात नाही.

दूधगंगा

मोबाईलवरून टायपतोय, चुका संभाळून घ्या. आमच्या विहिरीत मासे आहेत, वरून काठावरून सरळ खाली मारलं तर मास्तरांच्या हिशोबाने नेम चुकणारच नाही ना? पाणी वीस-पंचवीस फूट खाली आहे.

मास्तर_खानापूर

नेम चुकणार नाही. पण दगडी विहिरीत चुकलेला बाण भिंतीला लागून कुठे जाईल सांगता येत नाही, आणि काठावर वाकून धनुष्य ओढणारा माणूस कुठे जाईल ते सांगता येतं. नको.

उद्यमबागी (धागाकर्ता)

मास्तरांना +१. शिवाय तेच पाणी घरात पीत असाल तर जखमी होऊन सुटलेला मासा विहिरीत मरून कुजेल. विहिरीला टोपलं बरं.

बाकी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) बऱ्याच जणांनी टोकाबद्दल विचारलंय, इथेच सांगतो. टर्नरला नुसतं चित्र दाखवून चालत नाही. नेहमीचं खिळ्याचं टोक देतो आणि काटे रिव्हेट करून पक्के बसवतो. काटे हलते पाहिजेत, आणि टोकाचा पुढचा भाग आट्यावर फिरणारा पाहिजे, एवढं दोनदा सांगा. एसएस ३०४ चालतं, पण जांभ्यावर आपटून लवकर बोथट होतं. मी आता पुढचा तुकडा ईएन २४ पोलादाचा, कडक करून घेणार आहे. गंजेल, तेल लावून ठेवायचं. सरकत्या कडीसाठी पितळ घेऊ नका, फायबरग्लासवर घासून दोरीकडची कड धारदार होते. नायलॉनची करून घ्या.

मार्चपर्यंत पाणी स्वच्छ आहे. नंतर शेवाळ धरतं, मग दिवाळीपर्यंत सुट्टी.

निपाणीकर

ईएन २४ चा तुकडा आमच्याकडे पडलाय, लागला तर सांगा. बदल्यात चिलापी.